जुन्या मोटारीतील ऑक्सिजन सेन्सर : पारख आणि घरच्या घरी बदल

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेली लहान मोटार आज महाराष्ट्रातील कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात उभी आहे. मुले शिकून परगावी गेली, गृहस्थ सेवानिवृत्त झाले. पण बाजारहाट, दवाखाना आणि वर्षातून दोनदा गावाची फेरी ही कामे गाडी अजून इमानाने पार पाडीत असते. अशा गाडीच्या दर्शनी फलकावर एके दिवशी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालते, आवाजही करीत नाही. मात्र पेट्रोलचा खर्च वाढतो, गाडी मागून उग्र वास सोडू लागते आणि सिग्नलला उभी असताना इंजिन अधूनमधून हुंदका दिल्यासारखे करते. गॅरेजमध्ये नेल्यावर निदान होते ते दोन शब्दांत : "सेन्सर गेला". काही हजार रुपये खर्चून नवा सेन्सर बसविला जातो, दिवा विझतो आणि पंधरा दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो.

अशा प्रसंगी मालकाची जी अडचण होते ती केवळ पैशांची नसते. खासगी मोटारीची नोंदणी प्रारंभी पंधरा वर्षांसाठी असते व त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले पीयूसी, त्याआधी हाती असावे लागते. धूर मर्यादेबाहेर गेला, तर एरवी धडधाकट असलेली गाडी भंगारात काढण्याची भाषा घरात सुरू होते. ज्या कुटुंबाला नवी गाडी परवडणारी नाही त्याच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. सबब हा सेन्सर काय काम करतो, तो खरोखर निकामी झाला आहे हे कसे ओळखावे आणि तो घरी बदलता येतो काय, याची माहिती जुन्या पेट्रोल मोटारीच्या प्रत्येक मालकास असणे हितावह आहे.

सेन्सरचे काम

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी हवा ठराविक प्रमाणातच लागते. शुद्ध पेट्रोलच्या बाबतीत १ किलो इंधनास सुमारे १४.७ किलो हवा असे हे प्रमाण आहे. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. हवा अधिक झाली तर इंजिनाची ताकद घटते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. प्रत्यक्षातील हवेचे प्रमाण आणि आदर्श प्रमाण यांच्या गुणोत्तरास 'लॅम्डा' हे ग्रीक अक्षर वापरतात. लॅम्डा १ म्हणजे हिशेब बरोबर जुळला. १ पेक्षा कमी म्हणजे मिश्रण 'रिच', पेट्रोल अधिक. १ पेक्षा जास्त म्हणजे मिश्रण 'लीन', हवा अधिक.

पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाडीत हे प्रमाण मेस्त्री स्क्रू फिरवून, कान देऊन जुळवीत असे. इंधन इंजेक्शनच्या गाडीत ते काम संगणकाकडे, म्हणजेच इसीयूकडे आले. परंतु इसीयूला इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती शिल्लक राहिला हे कोणीतरी सांगावे लागते. हे सांगणारा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, ज्याला पारिभाषिक मराठीत संवेदक म्हणता येईल. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगतच्या नळीत तो प्लगसारखा आट्यांनी बसविलेला असतो.

त्याच्या आत झिर्कोनियम डायऑक्साइड या चिनीमातीसारख्या पदार्थाची अंगुस्तानाच्या आकाराची टोपी असते व तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. बाहेरील अंगाला धूर लागतो, आतील अंगाला बाहेरची मोकळी हवा. सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर हा पदार्थ ऑक्सिजनचे आयन वाहू देतो आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये तफावत असेल त्या मानाने विद्युतदाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर हा दाब ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, भरपूर असेल तर ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. लॅम्डा १ च्या ठिकाणी तो एकदम उडी घेतो. इसीयू ०.४५ व्होल्टची रेषा धरून बसलेला असतो. दाब वर गेला की पेट्रोल किंचित कमी करतो, खाली आला की किंचित वाढवितो. ही ओढाताण सेकंदा-दोन सेकंदांत एकदा अशी अखंड चालू असते, आणि ती चालू असणे हेच प्रकृती ठीक असल्याचे लक्षण होय.

या विद्युतदाबामागील सूत्र जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ साली मांडले. त्यांना पुढे १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारीत त्याचा उपयोग होण्यास मात्र १९७६ साल उजाडावे लागले. बॉश कंपनीने तयार केलेला हा सेन्सर त्या वर्षी व्होल्वोच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत प्रथम बसविण्यात आला. त्यामागे कॅलिफोर्नियातील धुरासंबंधीचे कडक नियम होते.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविणे आवश्यक झाले व त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. शिसे हा कन्व्हर्टरचा तसाच सेन्सरचाही शत्रू. नव्वदच्या दशकातील कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा सेन्सर सहसा नसतोच, तो आला तो इंजेक्शनच्या गाड्यांबरोबर. पुढे २०१० साली भारत टप्पा चारची मानके देशातील १३ शहरांत लागू झाली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही शहरे होती. उर्वरित महाराष्ट्रात हा टप्पा नंतर पोहोचला. यामुळे एकाच वर्षी विकत घेतलेल्या, दिसायला सारख्या दोन गाड्या वेगवेगळ्या टप्प्यांच्या असू शकतात, आणि सेन्सर विकत घेताना हीच गोष्ट अनेकांना चकविते. टप्पा कोणता, हे नोंदणी पुस्तिकेत व वाहनाच्या कागदपत्रांत पाहून घ्यावे.

इथेनॉलमुळे वाढलेले महत्त्व

देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. १ किलो इथेनॉल जळण्यास ९ किलो हवा पुरते. परिणामी २० टक्के मिश्रणासाठी आदर्श प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडले तर मिश्रण लीन होणार. सेन्सर सुस्थितीत असेल तर इसीयूला ही उणीव कळते व तो आपल्या मर्यादेत इंधन वाढवून घेतो. सेन्सर मूक झाला असेल तर इसीयू कारखान्यात भरलेल्या ठराविक आकड्यांवर चालतो आणि ते आकडे जुन्या पेट्रोलसाठी बेतलेले असतात. रबरी नळ्या, सील यांचा प्रश्न निराळा. तो सेन्सर सोडवीत नाही. पण जुन्या गाडीने नव्या इंधनाशी जुळवून घ्यावयाचे तर ते या एका भागाच्या साक्षीवर, हे ध्यानात ठेवावे.

साक्षीदार खोटा की बातमी वाईट?

साक्ष हा शब्द येथे जाणूनबुजून योजिला आहे. सेन्सर धुरात जे आढळले ते सांगतो. बातमी वाईट आली म्हणून साक्षीदारालाच बदलून टाकण्याची चूक गॅरेजमध्ये आणि घरी सारखीच होते, आणि दिवा पंधरा दिवसांनी पुन्हा लागतो तो या चुकीमुळे.

एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. समजा, चार प्लगांपैकी एक प्लग ठिणगी देईनासा झाला. त्या सिलिंडरमधील पेट्रोलही न जळता बाहेर पडते आणि हवाही. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो ऑक्सिजन मोजतो. त्याला ऑक्सिजन भरपूर दिसतो व तो 'मिश्रण लीन आहे' असे कळवितो. इसीयू आज्ञाधारकपणे पेट्रोल वाढवितो. परिणामी जी गाडी आधीच पेट्रोल वाया घालवीत होती ती आणखी वाया घालवू लागते. न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्यातील प्लॅटिनम वर्गातील धातूंचा लेप दिलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. येथे दोष शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगचा, शिक्षा सेन्सरला आणि दंड कन्व्हर्टरचा.

मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटून सेन्सरच्या अलीकडे बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरी हाच भास होतो. इंजिन थंड असताना चालू करताच 'टिक् टिक्' असा आवाज येतो व जोडाजवळ काजळी दिसते, ती याची खूण. इनटेकची रबरी नळी चिरली असेल तर मिश्रण खरोखरच लीन असते. एअर फिल्टर कोंदला, इंजेक्टर गळू लागला, तर उलट बाजूची तक्रार येते. सीएनजी किट मागाहून बसविलेल्या गाडीत आणखी एक शक्यता संभवते. कित्येक किटची वायर सेन्सरच्या वायरला जोडलेली असते आणि चिकटपट्टी गुंडाळलेला तो जोड काही वर्षांत सैल होतो. अशा गाडीत प्रथम तो जोड पाहावा.

निदानाचा प्रारंभ कोडपासून करावा. साधारण २०१० नंतरच्या टप्पा चारच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा टोकांचा सॉकेट असतो. त्यात बसणारे व मोबाइलशी जोडले जाणारे लहान यंत्र हल्ली माफक किंमतीत मिळते. कोड वाचणे सोपे असते, त्याचा अर्थ लावताना घाई नडते. पी ०१३५ हा कोड सेन्सरच्या आतील हीटरच्या विद्युत्‌मार्गाविषयी आहे. सेन्सर लवकर तापावा म्हणून हीटर असतो. हा कोड आल्यास सर्वप्रथम फ्यूज पाहावा. पी ०१३३ म्हणजे सेन्सर मंदावला. वयोमानाने हे घडते आणि येथे बदल बहुधा योग्य ठरतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन व पी ०१७२ म्हणजे रिच. या दोहोंत सेन्सर हा आरोपी नसून फिर्यादी आहे, हे विसरू नये. पी ०४२० कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो.

दुसरी पायरी मल्टिमीटरची. बहुतेक लहान गाड्यांतील सेन्सरला चार वायरी असतात. दोन एकाच रंगाच्या वायरी हीटरच्या. उरलेल्या दोहोंपैकी एक संदेशाची व एक अर्थची. बॉश पद्धतीत हीटरच्या दोन पांढऱ्या, संदेशाची काळी, अर्थची करडी. डेन्सो पद्धतीत हीटरच्या दोन काळ्या, संदेशाची निळी, अर्थची पांढरी. बॉशमध्ये संदेशाची असलेली काळी डेन्सोमध्ये हीटरची होते, तेव्हा रंग ओळखण्यात गल्लत होऊ देऊ नये. इंजिन थंड असताना कनेक्टर सोडवून हीटरच्या दोन वायरींमधील रोध मोजावा. तो काही ओहम ते पंधरा ओहमच्या आत-बाहेर असतो. मीटरने काहीच जोड दाखविला नाही तर हीटरची तार तुटली असे समजावे; मग चर्चेला जागा नाही, सेन्सर बदलावाच लागेल.

हीटर ठीक असेल तर कनेक्टर पुन्हा जोडून इंजिन पूर्ण तापवावे, वेग मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आसपास धरावा आणि संदेशाचा विद्युतदाब पाहावा. तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली व्हावयास हवा. दहा सेकंदांत आठ-दहा वेळा दिशा बदलणारा सेन्सर तरणा समजावा. दाब खालीच अडकून राहिला तरी लगेच निर्णय देऊ नये. एअर फिल्टरच्या पेटीत, स्वच्छ हवेच्या बाजूस, कार्ब्युरेटर साफ करण्याच्या फवाऱ्याचा अगदी अल्प झोत सोडल्यास मिश्रण क्षणभर रिच होते. दाब तत्काळ ०.८ व्होल्टच्या वर गेला तर साक्षीदार जागा आहे. दोष अन्यत्र शोधावा. तो हललाच नाही तर सेन्सर बदलण्यास सबळ कारण मिळाले. हा फवारा ज्वालाग्राही असल्याने तो तापलेल्या मॅनिफोल्डकडे कदापि वळवू नये.

खरेदी करताना

सेन्सरवर कोरलेला भाग क्रमांक आणि गाडीचा चॅसिस क्रमांक या दोन्ही गोष्टी दुकानात दाखवाव्यात. झिर्कोनियाचा साधा सेन्सर आणि काही गाड्यांतील 'एअर-फ्युएल रेशो' सेन्सर हे दिसायला भाऊ-भाऊ असले तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. कन्व्हर्टरच्या पुढील व मागील असे दोन सेन्सर असतील, तर मिश्रणाची सूत्रे पुढीलाच्या हाती असतात. मागील हा मुख्यतः कन्व्हर्टरवर देखरेख करतो. 'कोणत्याही गाडीला चालेल' असा, कनेक्टर नसलेला सेन्सर स्वस्त मिळतो. परंतु त्याच्या वायरी जोडण्यात जी खटपट करावी लागते तिच्यात घरगुती काम फसते. या सेन्सरला लागणारी मोकळी हवा बहुधा वायरींच्या आतूनच खेळत असते. जोडावर डाख लावला अथवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरले तर त्याचा श्वासच कोंडतो.

प्रत्यक्ष बदल

कामासाठी उघडी, हवेशीर जागा निवडावी. इमारतीखालील बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणे जीवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बिघडलेल्या सेन्सरची गाडी तो अधिकच सोडीत असते. अनेक लहान गाड्यांत पुढील सेन्सर बॉनेट उघडताच मॅनिफोल्डच्या पत्र्याच्या आवरणाजवळ दिसतो. तेथे गाडी उचलण्याचे कारण पडत नाही. सेन्सर खालच्या बाजूस असेल तर गाडी सपाट फरशीवर घ्यावी, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. भक्कम स्टँड नसतील तर हे काम गॅरेजवर सोपवावे. यात कमीपणा नाही.

आदल्या रात्री, इंजिन पूर्ण थंड असताना, सेन्सरच्या आट्यांपाशी गंज सोडविणाऱ्या तेलाचा फवारा मारून ठेवावा. पंधरा वर्षे तापून-थंडावून हे आटे धातूत जवळजवळ रुजलेले असतात. कोकणपट्टीत, खाऱ्या हवेत वावरलेल्या गाडीत तर दोनदा फवारा मारणे इष्ट. सकाळी इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे. धातू कोमट असताना किंचित प्रसरण पावलेला असतो व आटे सुटण्यास मदत होते. कोमट म्हणजे हातमोजा घालून स्पर्श सहन होईल इतका. लांब प्रवासाहून आलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड शेकडो अंशांवर असतो. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी. तत्पूर्वी रेडिओला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तो टिपून ठेवावा.

कनेक्टरची खिट्टी लहान स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचलून तो वेगळा करावा; वायरींना धरून ओढू नये. जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते आणि खिट्टी मोडली की नव्या सेन्सरचा कनेक्टर खड्ड्याखड्ड्याला सुटत राहतो. सेन्सरची षट्कोनी टोपी बहुधा २२ मि.मी. मापाची असते. वायर बाहेर निघावी म्हणून एका बाजूस खाच पाडलेला खास सॉकेट मिळतो. तो नसल्यास, आणि नवा सेन्सर हाती येऊन पडताळून झाला असल्यास, जुन्याची वायर कापून बंद रिंग पाना चढवावा. उघड्या तोंडाच्या पान्याने जोर लावल्यास कोपरे गोल होतात आणि मग सोपे काम अवघड होते.

पाना घड्याळाच्या उलट दिशेने, संथ व एकसारख्या दाबाने फिरवावा. पहिला सुटका आवाज आल्यावर घाई न करता अर्धा वेढा उलट, पाव वेढा सुलट असे करीत, मधून तेल सोडीत बाहेर काढावे. येथे धीर सुटला तर आटे ओरबाडून निघतात. दोन-तीन प्रयत्नांत सेन्सर जराही हलत नसेल, तर थांबणे शहाणपणाचे. गॅरेजमध्ये ज्योतीने मॅनिफोल्ड तापवून तो निघतो, व आटे खराब झाले असतील तर १८ मि.मी.चा टॅप फिरवून ते दुरुस्त होतात. घरच्या घरी पेटती ज्योत, तेल आणि पेट्रोलच्या नळ्या एकत्र आणण्याचे धाडस कोणी करू नये.

नवा सेन्सर जुन्याशेजारी ठेवून लांबी, आटे, कनेक्टर आणि वायरीची लांबी पडताळावी. त्याच्या टोकाला बोट, तेल वा फडके लावू नये, आणि तो हातून फरशीवर पडला तर बाहेरून धडका दिसला तरी वापरू नये. आतील चिनीमाती तडकते. बहुतेक नव्या सेन्सरच्या आट्यांना आटे न चिकटू देणारा लेप कारखान्यातच दिलेला असतो. नसल्यास तो फक्त आट्यांवर, अगदी पातळ लावावा. जागेवर सिलिकॉनचा सीलंट मुळीच लावू नये. त्याची वाफ सेन्सरला विषासमान असते. सेन्सर प्रथम हातानेच फिरवीत तळाशी बसवावा. तो हाताने फिरत नसेल तर आटा तिरपा धरला आहे असे समजून पुन्हा सुरुवात करावी. शेवटचा आवळ साधारणतः ४० ते ५० न्यूटन मीटर असतो, तथापि गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. मापाचा पाना नसेल तर हातभर लांबीच्या पान्याने एका हाताच्या जोराने आवळावे, पान्याला पाइप जोडू नये. सेन्सर आवळून झाल्यावरच कनेक्टर जोडावा, अन्यथा वायर पिळून जाते. वायर मूळच्या पकडीतून घ्यावी. ती मॅनिफोल्डला टेकली तर आठवडाभरात जळेल.

त्यानंतर

बॅटरी जोडून इंजिन चालू केल्यावर पहिली काही मिनिटे थोडा धूर व जळका वास येतो, तो फवारलेल्या तेलाचा. सेन्सरच्या बुडाशी हवेचा फुसफुस आवाज येतो काय, हे ऐकावे. मग यंत्राने कोड पुसावा. दुरुस्ती न करता केवळ कोड पुसणे म्हणजे ताप न उतरविता थर्मामीटर झटकणे होय. काही गॅरेजांत तेवढ्याचेही पैसे घेतले जातात. बॅटरी सोडविल्याने इसीयूने शिकलेले इंधनाचे हिशेब पुसले गेलेले असू शकतात, यास्तव शहरात व महामार्गावर मिळून वीस-तीस किलोमीटर गाडी चालवावी आणि मग पीयूसी केंद्रावर न्यावी.

केंद्रावरील आकड्यांकडे बहुसंख्य मालक पाहतही नाहीत. 'पास' हा शब्द दिसला की कागद घडी होऊन डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो. वस्तुतः त्या कागदावर इंजिनाची प्रकृती लिहिलेली असते. भारत टप्पा दोन व तीनच्या पेट्रोल मोटारींना इंजिन निष्क्रिय वेगात असताना कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के व हायड्रोकार्बन दशलक्षांत ७५० भाग अशी मर्यादा आहे. टप्पा चारच्या गाड्यांना ती ०.३ टक्के व २०० भाग आहे. टप्पा चारच्या गाड्यांत याशिवाय मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. सेन्सर बदलण्यापूर्वीचा कागद जपून ठेवला असेल तर नवा त्याच्याशेजारी धरावा. लॅम्डा १ च्या जवळ आला, पण हायड्रोकार्बन उतरले नाहीत, तर संशय प्लग किंवा कन्व्हर्टरवर घ्यावा. पीयूसी केंद्र सायलेन्सरमधील धूर मोजते, दर्शनी फलकावरील दिवा नव्हे. त्यामुळे दिवा लागलेली गाडी उत्तीर्ण होऊ शकते आणि न लागलेली नापासही होऊ शकते.

जुना सेन्सर लगेच भंगारवाल्याला देऊ नये. त्याचे टोक उजेडात पाहावे. फिकट तपकिरी वा करडा रंग असेल तर तो वयाने थकला. हीटर असलेला सेन्सर एक लाख किलोमीटर वा त्याहून अधिक चालतो, तेव्हा तक्रार नको. टोक मऊ काळ्या काजळीने माखले असेल तर मिश्रण दीर्घकाळ रिच होते. एअर फिल्टर, इंजेक्टर तपासावेत. तेलकट, चिकट काळा थर असेल तर इंजिन ऑइल जाळीत आहे. पांढरी भुकटी बसली असेल तर रेडिएटरमधील कूलंट ज्वलनकक्षात झिरपत असावे किंवा कोणीतरी पूर्वी सिलिकॉनचा सीलंट वापरला असावा. रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होत असेल तर हेड गॅस्केट पाहणे ओघाने आले. ही कारणे तशीच राहिली तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. टोकाचा रंग, बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा गाडीच्या वहीत लिहून ठेवावा, आणि पाचशे किलोमीटरनंतर एकदा यंत्र लावून विद्युतदाबाची चढउतार पुन्हा पाहावी.